शेजारच्या सीटवरचा ब्रेक

त्या गाडीला सगळे ‘आजी’ म्हणायचे. कंपनीने ठेवलेलं नाव मागच्या झाकणावर चकचकीत अक्षरांत होतं म्हणे, पण त्यातली निम्मी अक्षरं कधीच गळून पडली होती आणि त्यांची आठवणही कुणी काढत नव्हतं. “तू कुठे शिकलास?” असं कुणी विचारलं की समोरचा म्हणायचा, “आजीवर!” आणि दोघंही हसायचे, कारण विचारणाराही बहुधा आजीवरच शिकलेला असायचा.

ड्रायव्हिंग स्कूल सरांचं. शिकवणारे दोघं, सर आणि काकू. नवरा-बायको. पुरुषांना सर शिकवायचे, बायकांना काकू, आणि जो कुणालाच आवरायचा नाही त्याला दोघं मिळून. एक जण शेजारी बसून आणि दुसरा मागे जीव मुठीत धरून.

काकू स्वतः सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांच्या वडिलांची लाँड्री होती आणि धुतलेले कपडे घरोघरी पोचवायला एक छोटी व्हॅन. ती चालवणारा माणूस एके दिवशी न सांगता निघून गेला, तेव्हा थोरल्या लेकीने सांगितलं, मी शिकते. वडिलांनी आढेवेढे घेतले, आईने कपाळाला हात लावला, पण लेक दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. सर तेव्हा तरुण, बारीक मिशीचे आणि फार कडक. त्यांनी तिला कितीतरी दिवस फक्त थांबायला शिकवलं. थोडं पुढे जायचं, थांबायचं. पुन्हा थोडं पुढे, पुन्हा थांबायचं.

“सर, मी चालवायला शिकायला आलेय,” ती एकदा चिडून म्हणाली, “थांबायला नाही.”

“चालते ती आपोआप,” सर म्हणाले. “थांबत मात्र आपोआप नाही.”

पुढे लग्न झालं. घरात ती त्यांना ‘अहो’ म्हणायला लागली, पण गाडीत बसली की तिच्या तोंडून ‘सर’च यायचं. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. एकदा गाडीत चुकून ‘अहो’ म्हणाली, तर गाडी चालवणारी शिकाऊ मुलगी इतकी लाजली की तिने पुढच्या चौकात सिग्नल तोडला.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतो, हे पुष्कळांना माहीत असतं. पण आजीतला जोडब्रेक कसा होता, ते सांगायला हवं. एक लोखंडी दांडा पायाखालून आडवा गेलेला होता आणि दोन्ही ब्रेक त्याला बांधलेले होते. त्यामुळे एकाने दाबला की दुसऱ्याचाही खाली जायचा. काकू शिकत होत्या तेव्हा ब्रेकवर ठेवलेल्या त्यांच्या पायाखालून पेडल हळूच खाली सरकायचं आणि त्यांना कळायचं की सरांना पुढचं काहीतरी आधी दिसलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत दोघांचं भांडण झालं, अबोला झाला, तरी गाडीत बसल्यावर पायांचं बोलणं चालूच असायचं.

मग सरांचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू कडेकडेने कुरतडत आत आला. आधी बाजूने येणारी सायकल दिसेना, मग फुटपाथ, मग आरसा. सरांनी कुणाला सांगू दिलं नाही. स्वतः जाऊन लायसन्स परत केलं आणि घरी येऊन म्हणाले, “स्कूल बंद.” काकूंनी एकटीने चालवायची तयारी दाखवली, पण त्यांचेही गुडघे बोलायला लागले होते. बोर्ड उतरवला. फोन वाजत राहिले, मग तेही थांबले.

गाडी मात्र ठेवली. लेक परगावाहून फोनवर सांगायची, “आई, भंगारात द्या ती, मी तुम्हाला नवी घेऊन देते.” काकू हो-हो म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. संध्याकाळी त्या आजी बाहेर काढायच्या, सर शेजारी बसायचे आणि दोघं पाण्याच्या टाकीपाशी जायचे. टेकाडावरची ती टाकी म्हणजे जणू त्यांच्या स्कूलची इमारतच. चढावर गाडी मागे न सरकवता उचलायची, हे प्रत्येकाला तिथेच शिकवलं होतं. वर पोचलं की सर काच खाली करायचे आणि काकू त्यांना सांगायच्या, खाली काय काय दिसतंय ते. नवी इमारत, कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, बँकेच्या कोपऱ्यावरची गर्दी. सर मध्येच म्हणायचे, “बँकेच्या त्या कॅशियरने कोपऱ्यावरचा खांब पाडला होता, आठवतं?” “न आठवायला काय झालं,” काकू म्हणायच्या, “मागे मी बसले होते.”

असे दिवस चालले होते, तोवर ब्रेक नरम पडला.

स्कूलच्या काळापासून गाडीचं काम एकच मिस्त्री करायचे. त्यांनी चाक काढलं, खालून पाहिलं, मग बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि सांगितलं की मास्टर सिलिंडर गेलाय. पाय दाबला की ब्रेकचं तेल चाकांपर्यंत ढकलतं ते लहानसं नळकांडं. “कंपनीने हा बनवणं बंद केलंय,” मिस्त्री म्हणाले. “बाहेरचाच घ्यावा लागेल. चांगला बघून घ्या.”

स्पेअर पार्टचं दुकानही ठरलेलं होतं. थोरल्या शेटांच्या वेळी तिथे तेलाचा, रबराचा आणि अगरबत्तीचा मिळून एक वास यायचा. शेट खोकं उघडून सुटा भाग गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बघा, आवडला तर पैसे.” सर तिथे एक भाग घ्यायला जायचे आणि तासभर बसून यायचे. थोरले शेट गेले आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, धाकट्या शेटांकडे आलं. काचेचं काउंटर झालं, गारवा आला, वास गेला.

धाकट्या शेटांनी संगणकावर दोन बोटं फिरवली आणि एक चकचकीत खोकं पुढे सरकवलं.

“उघडून बघू का?” सरांनी विचारलं.

“सील तोडलं तर परत घेता येत नाही, सर,” शेट म्हणाले. “पण काळजी करू नका. कंपनीच्या तोडीस तोड माल आहे. गॅरंटी माझी.”

सरांनी खोकं हातात घेऊन नुसतं चाचपलं. काकूंनी बिल घेतलं आणि मिस्त्रींनी त्याच दिवशी सिलिंडर बसवला. ब्रेक असा लागायला लागला की सर खूश झाले. “आजीला तरुणपण आलं,” म्हणाले.

ते तरुणपण दोन महिनेही टिकलं नाही.

त्या संध्याकाळी दोघं टाकीवरून खाली येत होते. उतार नेहमीचा, रस्ता रिकामा. पहिल्या वळणाआधी काकूंनी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो लोण्यात गेल्यासारखा तळाला जाऊन टेकला. गाडीचा वेग वाढतच होता.

“सर, ब्रेक नाही!”

“पुन्हा दाब! पंप कर!”

“करतेय! तुम्हीही दाबा!”

“अगं दाबलाय मी! दाबलेलाच आहे!”

दोघांचेही पाय तळाला होते आणि आजी सुसाट चालली होती.  काकूंचे हात मात्र थांबले नाहीत. इतकी वर्षं दुसऱ्यांना ओरडून ओरडून सांगितलेलं त्या हातांनी आपणहून केलं. गिअर खाली, आणखी खाली, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा. तरीही खालचा चौक जवळ येत होता आणि चौकात माणसं होती. पंपहाउसची लांबलचक दगडी भिंत डाव्या हाताला आली तेव्हा काकू म्हणाल्या, “सर, घट्ट धरा,” आणि त्यांनी आजी भिंतीला घासत घासत नेली. पत्रा फाटल्याचा तो आवाज त्यांच्या कानात पुढे कितीतरी दिवस राहिला. भिंत संपता संपता गाडी थांबली.

 काचेचे तुकडे सरांच्या मांडीवर पडले होते आणि मनगट त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवलं होतं.

“दुसऱ्यावरून पहिल्यात टाकताना क्लच जरा घाईने सोडलास,” सर म्हणाले.

काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या अशा रडायला लागल्या की चौकातून धावत आलेली माणसं त्यांनाच जास्त लागलंय असं समजली.

सरांचं मनगट मोडलं होतं. आजीची डावी बाजू पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत सोलून निघाली होती. मिस्त्रींनी सिलिंडर काढून उघडला आणि आतलं रबर चिमट्याने धरून काकूंच्या पुढे केलं. जिलेटिनसारखं बुळबुळीत झालेलं, फुगलेलं, एका बाजूने फाटलेलं.

“हे ब्रेकच्या तेलात टिकणारं रबरच नाही,” मिस्त्री म्हणाले. “माझ्याच हाताने बसवलं हो मी.” त्यांना स्वतःचीच चीड आली होती.

काकू दुसऱ्याच दिवशी पिशवीत सिलिंडर घालून दुकानात गेल्या. धाकट्या शेटांनी तो काउंटरवर ठेवूही दिला नाही.

“बसवताना चूक झाली असेल, काकू. नाहीतर तेल भलतंच घातलं असेल. दुकानातून माल बाहेर गेला की आमचा संबंध संपला.”

“गॅरंटी माझी, असं म्हणाला होतात ना?”

“बोलण्यात बोलतो माणूस,” शेट म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तोंडात मारल्यासारख्या काकू घरी आल्या. सर गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एक काम कर. मिस्त्रींना सांग, तिथूनच आणखी एक तसाच सिलिंडर आणायला. आणि जुन्या कंपनीच्या सिलिंडरमधलं रबर त्यांच्याकडे पडलेलं असेल, तेही.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या दोन बरण्या आल्या. दोन्हींत ब्रेकचं सारखंच तेल, एकीत जुनं रबर, दुसरीत नवं. काकू सकाळी चहा टाकता टाकता बरण्यांकडे बघायच्या आणि सर बाहेरून विचारायचे, “काय म्हणतंय?” जुनं रबर होतं तसंच बसून होतं. नवं आधी जाड झालं, मग पाण्यात पडलेल्या मनुक्यासारखं टम्म फुगलं आणि एके सकाळी काकूंनी चमचा लावला तर त्याचा तुकडाच निघून आला.

“असे किती विकले असतील गं त्याने?” सर म्हणाले. 

काकूंनी वकिलाकडून नोटीस धाडली. तशी धाकटे शेट स्वतः घरी आले. सोबत पेढीवरचा कुणी नाही, एकटेच. चहा घेतला, सरांच्या हाताची चौकशी केली, मग खिशातून एक कागद काढला. गाडीच्या दुरुस्तीचा सगळा खर्च द्यायला ते तयार होते, सरांच्या उपचारांचाही. फक्त खाली एक सही हवी होती की ही गोष्ट इथेच संपली आणि पुढे कुणापाशी काढणार नाही.

 आजी मिस्त्रींच्या शेडमागे ताडपत्रीखाली पडून होती आणि मिस्त्री भला माणूस, जागा अडली म्हणून तो काही बोलत नव्हता. सही केली तर ती महिन्याभरात दारात उभी राहिली असती. काकूंनी सरांकडे पाहिलं.

“त्या मालातले बाकीचे कुठे गेले?” सरांनी विचारलं.

“विकले गेले, सर.”

“कुणाकुणाला?”

“आता ते कसं सांगणार? गॅरेजवाले नेतात.”

“सांगता येईल,” काकू म्हणाल्या. “तुमच्या संगणकात असेल की. आम्हाला दोन गोष्टी हव्यात. आमची गाडी होती तशी करून द्या आणि ज्यांनी ज्यांनी हा सिलिंडर नेला त्या सगळ्यांना फोन करून तो बदलून द्या.”

“काकू, माझं दुकान बसेल!” शेट कळवळून म्हणाले. “मलाही वरूनच आलाय हो माल. मी काय घरी बनवतो?”

“तेही खरं असेल,” सर म्हणाले. “पण खाली चौकात माणसं होती त्या दिवशी.”

शेट कागद घडी करून उठले. दारापाशी थांबून म्हणाले, “मग कोर्टातच बोलू.” त्यांच्या आवाजात धमकीपेक्षा भीतीच जास्त होती, असं काकूंना वाटलं.

ग्राहक न्यायालय एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. बाकं, पंखे, भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं. कुणाचा फ्रीज, कुणाचा मोबाइल, कुणाचं न झालेलं पर्यटन. तारखा पडत गेल्या. काकू सरांना हाताला धरून जिने चढवायच्या आणि दरवेळी बाकावर कुणीतरी उठून म्हणायचं, “सर! ओळखलंत का? आजीवर शिकलो मी!” सर आवाजावरून ओळखायचे. “तू तो ना, डावा इंडिकेटर लावून उजवीकडे वळायचास?” एकदा तर न्यायालयाचा शिपाईच निघाला विद्यार्थी. तिथल्या त्या तिष्ठत बसण्यातही काकूंना जुने दिवस परत आल्यासारखे वाटायचे. सकाळच्या पहिल्या बॅचसाठी गाडी पुसणं, कडेला उभं राहून नंबर लावणारी पोरं, परीक्षेला पास होऊन आलेल्यांचे हसरे चेहरे. किती माणसं त्या एका सीटवर बसून गेली होती!

मग शेटांच्या वकिलांनी आपली बाजू मांडली.

वकिलांचं म्हणणं असं की मालात दोष नव्हता, दोष गाडीत होता. गाडीत जोडब्रेक बसवलेला आहे. स्कूल बंद झालं तरी तो काढलेला नाही. कंपनीने एका पायासाठी केलेल्या रचनेवर दोन माणसांचे पाय पडत होते. “आणि दुसरा पाय कुणाचा?” वकील म्हणाले. “ज्यांना दिसत नाही अशा गृहस्थांचा. पुढे काय आहे ते कळत नाही, म्हणून भीतीने ते सतत ब्रेक दाबून ठेवत असणार. असा वापर झाला तर कुठलाही सिलिंडर जाईल.”

सर घरी आले, हात धुतले, जेवायला बसले आणि दोन घास खाऊन उठले. पुढचे काही दिवस ते तसेच होते. एकदा काकूंनी विचारलंही, काय झालं. तर म्हणाले, “वकील बरोबर बोलला का गं? माझ्याचमुळे झालं का ते?” काकूंनी घाईघाईने “छे, भलतंच काय” म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली नव्हती तरी झाल्यासारखं करून आत गेल्या.

कारण काकूंना माहीत होतं. सरांचे डोळे गेल्यापासून पाय जास्त बोलायला लागला होता. मोकळ्या रस्त्यावरही काकूंच्या पायाखालचं पेडल हलकेच खाली जायचं, मागून हॉर्न वाजला की जायचं, झाडाची सावली काचेवरून सरकली की जायचं. समोर काहीच नसायचं. काकू गाडीचा वेग नकळत सांभाळून घ्यायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. सरांना वाटायचं, तिच्या लक्षात येत नाही.

पुढच्या तारखेला काकूंची उलटतपासणी होती. अध्यक्षा म्हणून बसलेल्या बाई वयाने काकूंच्याच बरोबरीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. वकिलांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग सरळ मुद्द्याला हात घातला.

“तुम्ही गाडी चालवत असताना तुमचे यजमान त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबतात का? हो की नाही, एवढंच सांगा.”

नाही म्हणणं सोपं होतं. गाडीत तिसरं कुणी नव्हतं. काकूंचे वकीलही डोळ्यांनी तेच सुचवत होते. मागच्या बाकावर सर मान जरा तिरकी करून, कान देऊन बसले होते.

“हो,” काकू म्हणाल्या. “दाबतात.”

“गरज नसताना?”

“पुष्कळदा गरज नसताना.”

वकील हसून वळले. काकू मात्र अध्यक्षाबाईंकडे बघत म्हणाल्या, “माझं पुरं झालं नाही. बाई, आमच्या गाडीवर हजारो माणसं शिकली. शिकणारा माणूस गरज नसतानाच ब्रेक दाबतो. घाबरून दाबतो, चुकून दाबतो, दोन्ही पायांनी उभा राहून दाबतो. कंपनीचा सिलिंडर इतकी वर्षं ते सगळं सहन करत होता. ब्रेक दाबण्यासाठीच असतो ना? दाबल्याने जो तुटतो त्याला ब्रेक म्हणून विकायचं कशाला? जोडब्रेक आमच्या गाडीच्या कागदांवर नोंदवलेला आहे, दरवर्षी तपासलेला आहे. आणि राहता राहिलं माझ्या यजमानांचं. त्या दिवशी माझ्याबरोबर त्यांनीही ब्रेक दाबला होता. समोर खरोखरच उतार होता आणि दोघांचे पाय मिळूनही गाडी थांबली नाही.”

 काकूंनी पिशवीतून त्या दोन बरण्या काढल्या. अध्यक्षाबाईंनी त्या उजेडात धरून पाहिल्या, दोन्हीकडून पाहिल्या, मग म्हणाल्या, “हा पुरावा म्हणून मला धरता येणार नाही. घरच्या बरणीवर निकाल देता येत नाही.” काकूंचं तोंड उतरलं. “पण यामुळे प्रयोगशाळेत पाठवण्याइतकी शंका मात्र नक्की येते. बिघडलेला भाग आणि दुकानातला न उघडलेला भाग, दोन्ही तपासायला जातील.”

जिना उतरताना सरांनी काकूंचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता.  रिक्षाची वाट बघत उभे असताना म्हणाले, “तुला कळत होतं?”

“पायाखालचं पेडल हलतं. न कळून जाईल कुठे?”

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“काय बोलायचं?” काकू रस्त्याकडे बघत म्हणाल्या. “मला बरं वाटायचं.”

सरांनी मान हलवली. रिक्षावाल्याने कुठे जायचं म्हणून विचारलं तेव्हा पत्ता काकूंनाच सांगावा लागला.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागला, पण आला तो स्पष्ट आला. दोन्ही भागांतलं रबर ब्रेकच्या तेलासाठी बनवलेलंच नव्हतं. वापर कसाही असता, एक पाय असता की दोन, ते फाटणारच होतं. निकालात गाडीची दुरुस्ती, सरांचे उपचार आणि झालेल्या मनस्तापाची भरपाई शेटांवर बसली. शिवाय विकलेला तो सगळा माल परत घेण्याचा आदेश झाला, काकूंनी मागितला होता तसाच.

पण शेट निकालापर्यंत थांबले नव्हते. अहवालाची प्रत हातात पडली त्याच दिवशी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि संगणकापुढे बसून एकेका गॅरेजला फोन लावला होता. हे त्यांनीच येऊन सांगितलं. ह्या वेळी कागद आणला नव्हता. खुर्चीच्या कडेला बसले आणि चहा तसाच निवू दिला.

“एक शाळेची व्हॅन होती, काकू,” ते म्हणाले. “ड्रायव्हर म्हणाला, दोन दिवस पेडल जरा नरम लागतंय. मी म्हटलं, आहेस तिथे उभी कर. हलवू नकोस. माणूस पाठवून उघडून बघितलं तर...” त्यांनी पुढचं बोटांनीच दाखवलं, चिमटीत काहीतरी बुळबुळीत धरल्यासारखं. “मला रात्रभर झोप नाही. त्या गाडीत माझ्या बहिणीची नात जाते.”

काकूंना इतके दिवस त्यांचा राग होता. तो कुठे गेला कळलं नाही.

“तुमचे वडील खोकं उघडून दाखवायचे,” सर म्हणाले.

“मीही आता उघडतो,” शेट म्हणाले. “ज्याने मला माल दिला त्याच्यावर केस टाकलीये. साक्षीला याल का?”

“येईन की. जिने असले तर हिला घेऊन येईन.”

त्यावर तिघंही हसले आणि शेटांनी तो निवलेला चहा एका घोटात संपवला. मग बराच वेळ थोरल्या शेटांच्या गोष्टी निघाल्या. ते उधारी मागायला जायचे आणि लाजून दुसराच विषय काढून परत यायचे, ही गोष्ट सरांनी सांगितली आणि ती मुलाला माहीत नव्हती.

आजी परत यायला पुढे महिना गेला. दुसऱ्या एका बंद पडलेल्या गाडीतून कंपनीचा अस्सल सिलिंडर मिळवायला मिस्त्रींनी तीन गावं पालथी घातली होती. जोडब्रेकाचं काय करायचं, ठेवायचा की काढायचा, असं त्यांनी जरा चाचरतच विचारलं. सर म्हणाले, “काढा. कशाला हवाय आता?” आणि त्याच क्षणी काकू म्हणाल्या, “राहू दे.” मिस्त्रींनी दोघांकडे पाहिलं आणि आपलं आपण समजून घेऊन तो ठेवला. दांड्याला ग्रीसही लावलं.

गाडी आणायला दोघं गेले तेव्हा ती शेडबाहेर उन्हात उभी होती. काकूंनी सभोवार एक फेरी मारली आणि डाव्या बाजूला येऊन थबकल्या.

“अहो मिस्त्री, हा रंग वेगळाय!”

“थोडासा फरक राहतो, काकू. जुना रंग आता मिळत नाही.”

“थोडासा? ही बाजू दुधासारखी आणि ती बाजू चहासारखी दिसतेय. लोक काय म्हणतील? दोन गाड्या जोडून केलीये म्हणतील.”

मिस्त्री रंगाचा डबा आणून दाखवायला लागले, डब्यावरचा नंबर दाखवायला लागले. काकू काही ऐकेनात. हा वाद चांगलाच रंगात आला, तेव्हा सर दार चाचपत आपल्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा होते.

“चल गं,” त्यांनी आतून हाक मारली. “मला तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतायत.”

डोळे गेल्यापासून सरांनी डोळ्यांवर विनोद केला नव्हता. मिस्त्री गोंधळून काकूंकडे बघायला लागले, हसावं की नाही कळेना. काकू मात्र तिथेच बॉनेटवर हात टेकून हसत सुटल्या. मग पदराने डोळे पुसत आत बसल्या, आरसा सारखा केला आणि चावी फिरवली.